कपाट घेऊन ठाण्यापर्यंत

डोंबिवलीहून ठाण्याला जायला किती वेळ लागतो हे तुम्हाला ठाऊक आहे. आम्हाला चार दिवस लागले. परत आल्यावर कारखान्यात, गल्लीत, अगदी केस कापायला गेलो तिथेसुद्धा प्रत्येकाने विचारलं, "काय रे नंदू, कशी झाली टूर?" प्रत्येकाला मी "मस्त" एवढंच सांगितलं, कारण त्याहून जास्त बोलायचं त्राण नव्हतं. आता सहा आठवडे झाले. जे आले नव्हते त्यांच्यासाठी नीट लिहून काढतो. खरं तर माझ्यासाठीच.

आमच्या बँडचं नाव फ्रायडे ऑफ. चौघंही डोंबिवलीच्या एमआयडीसीत वेगवेगळ्या कारखान्यांत आहोत आणि तिथली साप्ताहिक सुट्टी शुक्रवारची. सगळं जग रविवारी लोळतं तेव्हा आम्ही ड्युटीवर असतो, आणि आम्हाला सुट्टी असते त्या दिवशी आमच्याकडे सकाळपासून संध्याकाळपर्यंत वीज नसते. म्हणजे विजेच्या गिटारीचा सराव नेमका वीज नसलेल्या दिवशी. देसाईच्या मामाची पिठाची गिरणी त्या दिवशी बंद असते, तिथे आम्ही जमतो. पट्टे थांबलेले, सगळीकडे पीठ, आणि आमच्या गिटारींचा आवाज डब्यात चार तांदूळ हलवावेत तेवढाच. देसाई बास गिटार वाजवतो. तो आमच्यात वयाने मोठा, लॅबमध्ये केमिस्ट, बोलणं छापील. ड्रमवर बाळ्या, ठाण्याच्या खाडीकाठच्या कोळी घरातला. कंप्रेसर चालवून चालवून त्याचे कान अर्धे गेलेत, पण तो ड्रमवर फडकी टाकून हळू वाजवायला शिकला. मी गिटार. आणि गाणारी वैशाली, औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला. ती माणसं बोलतात त्याच पट्टीत गायची, कारण आम्ही तेवढेच वाजत होतो. दोन वर्षं आम्ही असे एकमेकांच्या हातांकडे बघून शिकलो.

वैशालीबद्दल थोडं आधीच सांगायला हवं. ती कल्याणला वालधुनीजवळच्या चाळीत राहते. तिचे वडील, आबा, तीस वर्षं गायन पार्टीत गायले. जयंतीला, बुद्धपौर्णिमेला, कुणाच्या घरच्या कार्याला, गावोगाव. त्यांच्याहून कच्च्या गळ्याच्या लोकांच्या कॅसेटी स्टेशनबाहेर वाजतात. आबांची एकही कॅसेट नाही. ते गायले आणि ते हवेत गेलं, असं वैशाली म्हणते. तिने स्वतः एक गाणं रचलं होतं, 'पाण्याची पाळी' नावाचं, चाळीतल्या नळावरचं. बोलल्यासारखं सुरू होतं आणि शेवटी एका लांब, उंच सुरावर जाऊन थांबतं. ठाण्यातल्या एका कॉलेजच्या फेस्टिवलमध्ये बँडची स्पर्धा होती. जो बँड निवडला जाईल त्याचं एक गाणं मुंबईच्या स्टुडिओत रेकॉर्ड होऊन कॅसेटवर येणार होतं. वैशालीला ती कॅसेट आबांच्या हातात द्यायची होती. बाकी तिला रॉकचं काही पडलेलं नव्हतं.

स्पर्धा रविवारी. त्याआधी तीन कार्यक्रम मी जमवले, हात बसावा म्हणून. आणि नियमही मीच काढला. रद्दीत मिळालेल्या एका परदेशी मासिकात वाचलं होतं की बँड टूरवर असतो तेव्हा महिनोन्‌महिने घर बघत नाही. म्हणून ठरलं: चार दिवस कुणीही घरी जायचं नाही. विठ्ठलवाडी असो की कल्याण, मुक्काम बाहेरच. हसू नका. त्या वेळी कुणी हसलं नाही. आबांनी फक्त एक अट घातली, वैशालीची आत्या बरोबर येणार. आत्या नगरपालिकेच्या दवाखान्यात आया होती. ती तीन पुडांचा डबा आणि एक सतरंजी घेऊन टेम्पोत पुढे बसली, आणि चार दिवस ती जागा तिने कुणाला दिली नाही.

टेम्पोत मागे आम्ही आणि कपाट. कपाट म्हणजे माझा ॲम्प्लिफायर. गल्लीतल्या रेडिओ दुरुस्तीवाल्याने तो बनवून दिला होता, उंचीला खरंच कपाटाएवढा. त्यात एकच खोड होती. आवाजाचं बटण सातच्या खाली आणलं की तो घुमायला लागायचा. सातच्या वर मात्र असा वाजायचा की बस. अर्थात हे मला फार उशिरा कळलं, कारण गिरणीत तो कधी चालूच झाला नव्हता.

गुरुवार, विठ्ठलवाडी

एका कॉलनीचं वार्षिक संमेलन. कार्यक्रमपत्रिकेत आधी वेशभूषा, मग संगीत खुर्ची, मग आम्ही, मग बक्षीस समारंभ. डोंबिवलीत श्रोते हाताची घडी घालून बसतात आणि कार्यक्रम संपल्यावर येऊन तुमचे उच्चार सुधारतात. विठ्ठलवाडीकर तसे नव्हेत. त्यांनी आम्ही तारा जुळवत होतो तेव्हाच टाळ्या वाजवल्या आणि काही जण उठून नाचूही लागले. इतके भले लोक पुढे कुठेही भेटले नाहीत.

त्या संध्याकाळी आम्ही पहिल्यांदा स्वतःला ऐकलं. मी तार छेडली आणि कपाटातून जे आलं ते ऐकून माझ्या अंगावर काटा आला. दोन वर्षं जे तांदळाएवढं वाजत होतं ते डोंगराएवढं वाजलं! मी खूश, बाळ्या खूश. त्याने फडकी काढून फेकली. वैशालीने माइक धरला, तोंड उघडलं आणि गोंधळली. तिला तिचाच आवाज ऐकू येईना. मग ती ओरडून गाऊ लागली. पहिलं गाणं, दुसरं, पाचही गाणी ती ओरडून गायली.

उतरल्यावर आत्या म्हणाली, "अगं, गात होतीस का नळावर भांडत होतीस?"

"नंदू, तुझं ते कमी कर ना रे थोडं," वैशाली मला म्हणाली. "मला काहीच कळत नव्हतं."

"कमी केलं की घुमतं," मी सांगितलं. "आणि रॉक असंच असतं. होईल सवय."

आत्याचं घर तिथून पाच मिनिटांवर होतं. आम्ही शाळेच्या हॉलमध्ये झोपलो. आत्याने डबा उघडला, ज्वारीच्या भाकऱ्या, सुकटीची चटणी आणि चेचलेला ठेचा. देसाईने आयुष्यात पहिल्यांदा सुकट खाल्ली आणि मग शेवटच्या भाकरीसाठी तो बाळ्याशी भांडला. सकाळी देसाई नवी इस्त्री केलेला सदरा घालून दिसला. पहाटे गुपचूप रिक्षाने डोंबिवलीला जाऊन तो अंघोळ करून आला होता. नियमभंगाबद्दल मी त्याला बरंच सुनावलं.

"मी केवळ शुचिर्भूत होऊन आलो," तो म्हणाला. "घरी बसलो नाही."

शुक्रवार, खाडीकाठ

बाळ्याच्या गावी कार्यक्रम संध्याकाळी ठरला होता. वीज संध्याकाळी येते म्हणूनच. गेलो तर कळलं, भरती दुपारनंतर, आणि भरतीबरोबर होड्या जाणार. संध्याकाळी गावात पुरुषमाणूस नसणार. बाळ्याला हे लहानपणापासून ठाऊक असायला हवं होतं, पण चार वर्षं शिफ्टच्या भोंग्यावर जगून तो भरतीची वेळ विसरला होता. त्याच्या आईने सगळ्यांसमोर त्याची हजेरी घेतली.

"खारीची वेल इसरला, आनी डबरे बरवतंय!" म्हणजे खाडीची वेळ विसरला आणि डबडी बडवतोय; त्यांच्या बोलीत ड चा र होतो, ळ चा ल.

मग ठरलं, आत्ताच वाजवा. सकाळी अकराला, देवळापुढच्या ओट्यावर, विजेशिवाय. आजूबाजूला जाळी वाळत घातलेली, खालून चिखलाचा वास. बायका टोपल्या बाजूला ठेवून खाली बसल्या, पुरुष होड्यांना टेकून उभे. बाळ्याने फडकी परत ड्रमवर घातली. आणि आम्ही शुक्रवारी वाजवतो तसे वाजलो.

वैशाली गायली. घसा आदल्या दिवसाच्या ओरडण्याने दुखत होता, पण इथे कुणाच्या वर चढायचं नव्हतं. ती त्या बायकांशी बोलावं तशी गायली. 'पाण्याची पाळी' संपलं तेव्हा एक म्हातारी पुढे येऊन तिच्या हनुवटीला हात लावून म्हणाली, "बाय माजे, कवरा गोर गला हाय गो तुजा! आजून येक डाव बोल." ते गाणं तिने तीनदा म्हटलं. तिसऱ्या वेळी शेवटचा सूर तिने लांबवला तेव्हा पलीकडच्या होडीत जाळं भरणारा माणूस हात थांबवून उभा राहिला. आत्या डोळे पुसत होती, आणि पदराआडून पुन्हा पुन्हा म्हणत होती, "आमच्या दादाचा सूर. हुबेहूब दादाचा सूर."

चार दिवसांतला आमचा सर्वांत चांगला कार्यक्रम तो. हे मी आज म्हणतो. त्या दिवशी मी रुसलो होतो. विजेविना माझी गिटार दोन हातांपलीकडे ऐकू जात नाही. तासभर मी बोटं तोडून वाजवलं आणि शेवटी एका काकांनी मला विचारलं, "तू काय करतंस रे? नुस्ता उबा व्हतास?" बाळ्या लोळून हसला. मी हसलो नाही.

जेवायला निवट्यांचं कालवण होतं. निवट्या म्हणजे खाडीच्या चिखलात उड्या मारणारे छोटे मासे. बाळ्याची आई ते आंबट, लालभडक रस्स्यात करते. मी चार वेळा भात घेतला आणि तरीही रुसवा गेला नाही. दुपारी भरती आली, होड्या निघून गेल्या. वैशाली काठावर बसून गुणगुणत होती. घसा बरा वाटतोय म्हणाली.

शनिवार, कल्याण

कॉलेजचं गॅदरिंग, बंद हॉल, छत पत्र्याचं. मी कपाटाचं बटण आठवर ठेवलं. का ठेवलं ते आता तुम्हाला सांगायला नको.

चौथ्या गाण्यात वैशालीचा आवाज फाटला. कापड टरकावं तसा. ती पाणी प्यायली, परत गायली, परत फाटला. पोरांना वाटलं रॉकमध्ये असंच गातात, त्यांनी शिट्ट्या मारल्या. स्टेजवरून उतरली तेव्हा तिला 'पाणी' हा शब्दही नीट म्हणता येत नव्हता.

आत्याने कुणाला न विचारता रिक्षा थांबवली आणि तिला घशाच्या डॉक्टरांकडे नेलं. मीही गेलो. डॉक्टरांनी आरसा घालून पाहिलं आणि म्हणाले, "सूज आहे, थोडं रक्तही उतरलंय. पंधरा दिवस एक शब्द बोलायचा नाही. उद्या गाणार असाल तर आवाज पूर्वीसारखा येईल, हे मी सांगू शकत नाही."

बाहेर आल्यावर आत्या माझ्यावर उखडली. "घर इथून दहा मिनिटांवर आहे. पोरीला गरम पाणी द्यायचं, तर तुझी टूर आडवी येते. आता नेते मी हिला. आणि उद्या कुठंही पाठवायची नाही."

वैशालीने नाही म्हणून मान हलवली. मग भिंतीला टेकून, नुसत्या श्वासाने म्हणाली, "आत्या, उद्याच तर जायचंय. त्यासाठीच आलेय मी. एक गाणं गाईन. एकच. पण नंदू, काल गावात वाजवलंस तसं वाजव. मग मला ओरडावं लागणार नाही."

"घुमेल ते," मी म्हणालो.

"घुमू दे."

मी कबूल केलं. आत्याच्या समोर, डॉक्टरांच्या दारात, अगदी मनापासून. ते ऐकून आत्या कशीबशी तयार झाली. त्या रात्री ती कॉलेजच्या वसतिगृहातल्या खोलीत आत्याजवळ झोपली. घरी गेली असती तर आबांनी तिला रविवारी जाऊ दिलं नसतं, हे तिलाही माहीत होतं. नियमाचा असा उपयोग होईल असं मला वाटलं नव्हतं.

रविवार, ठाणे

टेम्पो खोपटपर्यंत आला आणि एसटी डेपोच्या समोर बंद पडला. ड्रायव्हरने बॉनेट उघडलं, आत बघितलं आणि बिडी पेटवली, यावरून आम्ही काय ते समजलो. आत्या टेम्पोतच बसून राहिली, फक्त सतरंजी तिने वैशालीकडे दिली. ती आता सगळ्यालाच कंटाळली होती. आम्ही हातगाडी मिळवली, तिच्यावर कपाट आडवं घातलं, ड्रम वर बांधले आणि ढकलत निघालो. एसटीला उभ्या असलेल्या एका बाईंनी विचारलं, "रुखवत का? मुलगी कुठली?" देसाई म्हणाला, "मुलगी कल्याणची, पण मुलगा अद्याप ठरलेला नाही." वैशाली आवाज न करता हसली. चार दिवसांनंतर आमच्या कुणाच्याही अंगाला वास यायचा बाकी नव्हता, देसाई सोडून. मला इतकं थकल्यासारखं शिफ्टवर शिफ्ट करूनही कधी वाटलं नाही.

मैदान मोठं. मुंबईचे बँड आलेले, चामडी जाकिटं, स्वतःचा साउंडवाला. आमच्या कपड्यांवर अजून पीठ. आमच्या आधीच्या बँडने असा दणका दिला की मैदानाच्या कडेचे कावळे उडाले. पोरं खांद्यावर चढून नाचत होती.

पायऱ्या चढताना वैशालीने माझ्या कोपराला धरलं. "आज शुक्रवार समज," ती म्हणाली.

मी मान हलवली. कपाटाचं बटण तीनवर ठेवलं. बाळ्याने फडकी घातली. वैशालीने 'पाण्याची पाळी' सुरू केलं, अगदी खालून, आणि माइकने तिचा तो चिरलेला, घोगरा आवाज उचलला. पहिल्या दोन ओळी मैदान शांत होतं. खरंच होतं. मग कपाट घुमायला लागलं, गिरणीच्या पट्ट्यासारखं, आणि मागून कुणीतरी ओरडलं, "गिटार! गिटार ऐकू येत नाय!" मग चारपाच जण. मग "आवाज! आवाज!" असं सगळीकडून सुरू झालं.

मला देवळापुढचे ते काका आठवले. नुस्ता उबा व्हतास?

मी हात मागे नेला आणि बटण फिरवलं. नऊवर. तीनवरून सातवर नाही, नऊवर.

पोरांनी जल्लोष केला. वैशालीने वळून माझ्याकडे एकदाच पाहिलं. मग तोंड फिरवलं आणि उरलेलं गाणं गायली. मी तिच्या बाजूलाच होतो आणि मला ते ऐकू आलं नाही. शेवटच्या लांब सुराला तिच्या मानेवरच्या शिरा ताणलेल्या दिसल्या, तोंड उघडलेलं दिसलं. मी त्यावर माझा तुकडा वाजवला आणि लांबवला. खोटं का बोलू, त्या वेळी मला फार बरं वाटत होतं.

निकालात आमचा बँड नव्हता. परीक्षक म्हणाले, डोंबिवलीच्या बँडचं गाणं आम्हाला ऐकूच आलं नाही, त्यामुळे त्याबद्दल काही बोलता येत नाही. मग वैयक्तिक बक्षिसं जाहीर झाली. उत्कृष्ट गिटारवादक म्हणून माझं नाव पुकारलं. मी जाऊन कप घेतला. परत आलो तेव्हा वैशाली आत्याच्या सतरंजीवर डोळे मिटून बसली होती.

परत

डॉक्टरांचे पंधरा दिवस संपले, मग आणखी पंधरा झाले. आता ती थोडं बोलते, पण वरचा सूर लावायला गेली की नुसती हवा येते. डॉक्टर म्हणतात, येईल किंवा नाही येणार. ती पॅकिंगला जाते. गिरणीत मात्र येत नाही. बाळ्या आणि देसाई मला काही बोलत नाहीत, आणि न बोलता काय म्हणतात ते मला कळतं.

गेल्या शुक्रवारी मी कप पिशवीत घालून वालधुनीला गेलो. तिला तो द्यायचा, एवढंच ठरवलं होतं. देताना काय म्हणायचं ते वाटेवरही सुचलं नाही. वीज नव्हती. आबा दारात बसले होते. मला आत घेतलं, पाणी दिलं. वैशाली आत चहा टाकत होती, तिने मान हलवून ये म्हटलं.

"मी आलेलो हो त्या दिवशी," आबा म्हणाले. "ठाण्याला. हिला सांगितलं नव्हतं. एसटीने खोपटला उतरलो, तिथनं चालत. पार शेवटी जागा मिळाली."

मी पिशवी पायामागे सरकवली.

"तिचं तोंड हलताना दिसत होतं. तोंडावरून मी गाणं ओळखलं, घरी गुणगुणते ना ती. शेवटी सूर लावला तेही दिसलं." मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, "पण तुझी गिटार मात्र शेवटपर्यंत स्वच्छ ऐकू आली हं. चांगला हात आहे तुझा."

ते टोमणा मारत नव्हते. तीस वर्षं वाजवणाऱ्यांबरोबर काढलेला माणूस, त्यांना खरंच तसं वाटलं होतं. वैशालीने चहा आणून माझ्यापुढे ठेवला. मी चहा प्यायलो, कप पिशवीतच राहू दिला, आणि तसाच घरी घेऊन आलो.